होय किंवा नाही, सकारण

“सकारण म्हंजे किती, मामा?” रुख्मिणीनं विचारलं तेव्हा मी पडवीतल्या खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होतो. रविवार होता, कोर्ट बंद, म्हणून सवडीनं बसलो होतो. उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते नेहमीच तयार असतं, ही माझी ख्याती आहे आणि थोडी बदनामीही. मी म्हणालो, कारण मागितलं की कारण द्यायचं. तीन गुण असतील तर तीन कारणं, एक कमी नाही की एक जास्त नाही. तिनं मान डोलावली. तिच्या पुढ्यात बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका पसरल्या होत्या आणि त्यातल्या एका ओळीवर तिचं बोट होतं: काळ्या जमिनीत पाणी धरून ठेवण्याची शक्ती अधिक असते, होय किंवा नाही ते सकारण लिहा. मग मान वर न करताच तिनं विचारलं, कोर्टात असं ‘सकारण’ विचारत नाहीत काय. मी म्हणालो, छे, कोर्टात हो का नाही एवढंच; कारण ज्याचं त्यानं आपल्यापाशी ठेवायचं. “म्हणून आईनं तेवढंच सांगितलं होतं,” ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. तक्रारही नव्हती. बेरीज जुळल्यावर माणूस जसं स्वतःशी बोलतं तसं ती बोलली आणि पुढची ओळ वाचू लागली. माझा वस्तरा मात्र हनुवटीवर बसला. मी तुरटी फिरवली, आरशात पाहिलं, रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मी इंद्रभान उमाळे, खामगावच्या कोर्टात एका वकिलाचा मुनशी. बावीस वर्षं हे काम करतोय, आणि आमच्या साहेबांच्या अर्ध्या नावाचा मालक मी आहे असं मला खाजगीत वाटतं. अर्ज लिहिणं, तारखा सांभाळणं, नकला काढणं हे कुणीही करील. माझं खरं काम साक्षीदाराचं. लोक म्हणतात, मुनशी साक्षीदार पढवतो. पढवण्यात खोटं काही शिकवावं लागत नाही हे त्यांना कोण सांगणार. उलट माणसाला खरं बोलण्यापासून थोडं आवरावं लागतं. खेड्यातल्या माणसाला विचारा, त्या दिवशी तुम्ही शेतात होता का, की तो बैलाच्या आजारापासून सुरू करणार, मग बैल कुठून आणला ते, मग ज्याच्याकडून आणला त्याच्या पोरीचं लग्न. आणि त्या लग्नात समोरच्या वकिलाला हवा असलेला धागा नेमका सापडणार. म्हणून कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली मी त्यांना सांगतो, हो म्हणा आणि गप्प बसा. नाही म्हणा आणि गप्प बसा. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर ते विसरतात, त्यासाठी माझी एक खूण आहे. मी मागच्या बाकावर बसतो आणि खोकतो. साधा, घसा साफ करावा तसा खोकला. आजवर माझा एकही साक्षीदार उलटतपासणीत फुटलेला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. थोडासा म्हणून सांगतो.

रुख्मिणी माझ्या थोरल्या बहिणीची, अन्नपूर्णाअक्काची पोरगी. त्या रविवाराआधीच्या जूनमध्ये अक्का तिला वरवट बकालहून घेऊन आली, हातात नापासाचा कागद आणि डोक्यावर वांग्यांची टोपली. टोपली कोकिळेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हवाली केली आणि कागद माझ्या. मॅट्रिकमध्ये पोरगी तीन विषयांत गेली होती. अक्काचं म्हणणं सरळ होतं. नवरा गेल्यापासून मळ्यात हात कमी पडतात, धाकटी दोन अजून लहान. तरी आणखी एक मार्च ती पोरीला देणार. पास झाली तर बुलडाण्याला अध्यापन विद्यालयात जाईल, मास्तरीण होईल. नाही झाली तर मळा आहेच, तो कुठं पळून जात नाही. अक्का हे रागानं बोलली नाही, पण दोनदाही बोलली नाही. ती गेल्यावर मी पोरीला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. घरात धाकट्यांना पाढे शिकवून तिची जीभ तयार झाली होती, पण माझ्यासमोर चाचरली. मग म्हणाली, “मले शाळेतच राह्याचं हाये मामा. पण बाकावर नाई. फळ्यापाशी.” सतरा वर्षांच्या पोरीला आपल्याला काय हवं ते इतक्या कमी शब्दांत सांगता येतं हे पाहून मी त्याच क्षणी ठरवलं की ही केस आपण जिंकणार.

केस हातात घेतली की मी आधी जुना निकाल वाचतो. तिला समोर बसवून तिच्याच नापासाची प्रश्नपत्रिका उघडली आणि म्हटलं, काय काय लिहून आलीस ते सांग. इतिहासात होतं, खालीलपैकी कोणत्याही पाच प्रश्नांची उत्तरे लिहा. खाली आठ प्रश्न. तिनं आठही लिहिले होते. मला वाटलं, घाईत वाचलं नसेल. तसं नव्हतं. ‘कोणत्याही पाच’ तिनं वाचलं होतं, समजलंही होतं. मग आठ का लिहिले म्हणून विचारलं तर ती माझ्याकडे असं पाहू लागली की अडाणी मीच. बाजारात पालावर आठ गिऱ्हाईकं समोर उभी राहिली तर पाचांना माल देऊन तिघांना काय रिकामी पिशवी घेऊन परत पाठवायचं, असं तिनं मला विचारलं. मी इतका हसलो की कोकिळा चुलीपासून उठून दारात आली. पण हसणं ओसरलं तसं माझ्या लक्षात आलं की यात हसण्यासारखं थोडंच आहे. परीक्षक पहिली पाच तपासून पुढं काट मारतो, आणि हिची पहिली पाच तीच, जी हिला धड येत नव्हती, कारण पोरगी रांगेनं गेली. रांग मोडून पाठीमागच्याला आधी माल देणं हेही घरात शिकवलेलं नाही. शेवटच्या तिघांना तिनं उत्तम माल दिला होता आणि त्याचा छदाम कुणी धरला नाही. दुसरं दुखणं याच घराण्यातलं. दोन कारणं विचारली तर हिनं सहा दिली. तोलून झाल्यावर वरून मूठभर टाकायची, अक्काच्या तागडीला लोक त्यासाठीच येतात. उत्तरातही ती मूठ टाकत गेली आणि वेळ संपला तेव्हा नकाशा कोराच राहिला. पोरीला सगळं येत होतं. ती देण्यात बुडाली होती.

मग मी माझं दुकान मांडलं. रोज कोर्टातून आलो की चहा आणि चहानंतर जबानी. पुस्तक मिटलेलं, माझ्या मांडीवर. मी प्रश्न विचारायचा, तिनं आधी मला सांगायचं की यात मागितलं काय आणि किती, आणि मगच उत्तर. उत्तर हद्दीबाहेर गेलं की मी खोकणार. पहिल्या आठवड्यात माझा घसा बसला. चुकलेल्या प्रश्नांसाठी मी कोर्टाचीच रीत लावली. माझ्या डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मथळा घातला, ‘रुख्मिणी विरुद्ध बोर्ड’, आणि प्रत्येक प्रश्नाला तारीख देऊ लागलो. आला नाही तर तिसऱ्या दिवशीची तारीख. आला तर आठ दिवसांनंतरची. दोनदा बरोबर आला तर महिन्याची. तेव्हाही आला की लाल शाईनं ‘निकाली’. पोरीला हे फार आवडलं. सकाळी चूल फुंकता फुंकता कोकिळेला सांगायची, आज पानिपताची तारीख हाये, मामी. पूर्वी ती धडे मोठ्यानं घोकायची, पहिल्या पानापासून, दरवेळी पहिल्याच पानापासून. त्यामुळे पहिले चार धडे तिच्या जिभेवर आणि शेवटचे चार कुणी पाहिलेलेच नाहीत. यावर मला उपाय सुचेना, आणि मला उपाय सुचत नाही असं क्वचित होतं. तो तिनंच काढला. पाणी कमी असलं की बाबा शेवटच्या वाफ्यापासून पाणी धरत, ती म्हणाली. जवळच्या वाफ्यांना पाटातून जाता जाता ओल मिळतेच. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक पुस्तक शेवटाकडून धरलं. दिवाळीपर्यंत डायरीची चार पानं लाल झाली आणि मी मनात तिला पास करून टाकलं.

आणि मग हा जानेवारीतला रविवार, ही हनुवटी. दिवसभर मी माझ्याशी कबूल करत नव्हतो की तो वस्तऱ्याचा दोष नव्हता. तुरटीची आग गेली तरी ते वाक्य गेलं नाही. म्हणून आईनं तेवढंच सांगितलं होतं. अक्काच्या कोर्टातल्या त्या जबानीच्या वेळी रुख्मिणी तेरा वर्षांची होती, कोर्टाच्या ओट्यावर बसून फुटाणे खात होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं, पण दार उघडं होतं आणि आमच्या कोर्टाचा दरवाजा काही जाड नाही. चार वर्षं झाली त्याला, मराठी मुलखाचं नवं राज्य झालं त्याच साली. तिचा बाप शेषराव त्याआधीच्या माघात गेला होता. विहीर दोघा भावांत एक, शेषरावची आणि तुळशीरामची, आणि पाण्याच्या पाळ्या तोंडी. अक्काला भीती वाटली की नवरा गेल्यावर तोंडी पाळी किती दिवस टिकेल. तिनं माझ्यापाशी नुसती भीती बोलून दाखवली. मी नोटीस लिहिली. मला वाटलं, बहिणीसाठी एवढं आपण करूच शकतो, आपल्या हातात तर आहे. नोटीस तुळशीरामच्या, तिच्या दिराच्या, हातात पडली. म्हणतात, त्यानं कागद घडी करून टोपीत ठेवला आणि कामाला लागला.

दाव्यात एकच गोष्ट सिद्ध करायची होती की शेषराव गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात दिरानं विधवेला पाणी दिलं नाही. आणि दिलं नव्हतं हे खरं होतं. कडुनिंबाखाली मी अक्काला प्रश्न सांगितला तेव्हा ती म्हणाली, “नाही दिलं. पण विहिरीत होतंच काय? त्यानं सोताही नाही घेतलं. उलटं नदीच्या झिऱ्यातून गाडीवर पिंपं भरून आणली त्यानं, माह्या वांग्याच्या रोपाले घातली.” वैशाखभर तो गाडी हाकत होता. रुख्मिणी पिंपावर ओलं पोतं धरून त्या गाडीत बसायची, पाणी हिंदकळू नये म्हणून. ते रोप जगलं आणि त्या वांग्यावर अक्काचं पहिलं एकटीचं साल निघालं. हे सगळं मी ऐकलं. मी चांगला ऐकणारा आहे. ऐकून मी म्हणालो, अक्का, प्रश्न विहिरीच्या पाण्याचा आहे, नदीच्या नाही. तेवढंच सांग. तिनं विचारलं, मग बाकीचं कधी सांगायचं. मी म्हणालो, बाकीचं दुसऱ्या बाजूचा वकील विचारील तेव्हा. तो विचारणार नाही हे मला माहीत होतं; तुळशीरामनं त्याला काही सांगितलंच नव्हतं, आपण केलेलं आपल्या तोंडानं काय सांगायचं म्हणून. पिंजऱ्यात अक्का म्हणाली, “नाही.” आणि तिचं तोंड उघडंच राहिलं, पुढचा शब्द ओठावर होता, मला दिसला. मी खोकलो. तिनं तोंड मिटलं. तुळशीरामला विचारलं तेव्हा तो म्हणाला, वहिनी सांगतात ते बरोबर आहे. दावा मंजूर झाला, एक दिवसाआड पाळी, लेखी. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

तुळशीरामनं तो हुकूम घड्याळ लावून पाळला. अजून पाळतो. अक्काच्या दिवशी तो विहिरीकडे फिरकत नाही, तिच्या वाफ्याकडे पाहत नाही, वाटेत पोरं भेटली तर मान वळवतो. अक्काला पाणी मिळालं आणि शेजारचं घर गेलं. मला तिनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही. मी तेवढ्यावर समाधान मानत आलो. बोल लावला नाही म्हणजे बोल नाही, हा कायदाच झाला. पण त्या रविवारी मी जेवायला बसलो. मनात मी माझा बचाव मांडत होतो आणि तो चांगला होता, मुद्देसूद होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी कोकिळेनं भाकरी वाढायला हात पुढं केला तेव्हा मी नको म्हणालो, आणि तिनं कारण विचारलं, आणि मला कारण सांगता आलं नाही.

फेब्रुवारीत शाळेची प्रिलिम झाली. मी निकालाची वाट पाहत नव्हतो, मला तो माहीत होता. इतिहास चांगला होता, गणित चांगलं होतं, पाचच्या जागी पाच, नकाशा भरलेला. मराठीचा पेपर मात्र तिनं माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. पस्तिसाला दोन कमी. बोर्डाच्या परीक्षेत एवढे पडले तर ती पुन्हा नापास. प्रश्न होता, तुमच्या गावच्या आठवडी बाजाराचे वर्णन करा, गुण पंधरा. जी पोर चालायला लागल्यापासून पालावर बसलेली, तिनं लिहिलं होतं: ‘आमच्या गावचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो. तेथे भाजी व धान्य मिळते.’ बस. मी दोनदा वाचलं, पान उलटून मागंही पाहिलं. विचारलं, हे काय. पुढचं काऊन नाही लिहिलं. “आठवत होतं ना सगळं,” ती म्हणाली. “पण लिवाले घेतलं की मले तुमचा खोकला ऐकू ये.”

मी कसलेला माणूस आहे, जागच्या जागी युक्तिवाद बदलू शकतो. पण तेव्हा मी बाहेर पाहू लागलो. पडवीतून रस्ता दिसतो, त्यावरून सरकीच्या गाड्या चालल्या होत्या, त्या मोजल्यासारखं केलं. बावीस वर्षं मी लोकांना समोरच्याला घाबरायला शिकवलं होतं. पिंजऱ्यात ते बरोबरच असतं, तिथं समोर उभा असलेला माणूस आपल्या शब्दात फट शोधत असतो. पण बोर्डाचा परीक्षक काय विरुद्ध बाजूचा वकील होता? कुठल्याशा गावात पंख्याखाली बसलेला एखादा थकलेला मास्तर, ज्याला हिला गुण द्यायचे आहेत आणि ही देऊ देत नाही. आणि अक्काच्या वेळचा तो न्यायाधीश तरी, त्याला पाण्याचं खरं काय ते जाणून घ्यायचं नव्हतं हे कुणी ठरवलं? मीच ठरवलं. हा विचार आला आणि मी तो परतवला नाही. कोकिळा आतून म्हणाली, तिले पुरतं सांगू द्या जी एकदाचं. मी रुख्मिणीला जवळ बसवलं आणि म्हटलं, चूक माझी आहे. हे शब्द मी फारसे वापरत नाही, त्यामुळे नीट उच्चारावे लागले. म्हटलं, माझी रीत पिंजऱ्यातली आहे, ती निम्मी ठेव. उरलेली तुझ्या घरची घे. पण घरी काय करता ते आधी मला नीट सांग.

मग पोरीनं मला दोन संध्याकाळी बाजार शिकवला. गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याच्या बोलण्याआधी अक्का त्याची पिशवी पाहते. लहान पिशवीवाल्याला पावशेर मिरची. त्याला गप्पा नकोत, त्याच्या घरी चूल पेटलेली असते. एक येतो तो भाजीची वांगी आणि भरताची वांगी यांत वेगळं काय ते विचारतो. त्याला दोन्ही हातांत धरून दाखवावी लागतात, एकाच हातातली दाखवून चालत नाही. आणि एखादा लग्नघरचा येतो, गाडी घेऊनच. त्याला पावशेर दिलं तर तो अपमान समजेल. त्याच्यापुढं सगळं पाल उलटं करायचं. मी बोर्डाची प्रश्नपत्रिका पुढं ओढली. एका वाक्यात उत्तरे लिहा, हा कोण? पावशेरवाला, ती म्हणाली. फरक स्पष्ट करा? दोन हातवाला. वर्णन करा? ती हसायला लागली, जूनपासून पहिल्यांदा तिचे सगळे दात दिसले. लग्नघर, मामा. आणि सकारण? बराच वेळ तिनं बोटानं सतरंजीचा दोरा उसवला. ज्याला आपला भाव पटत नाही पण निघूनही जात नाही, उभा राहतो, असं कुणीतरी, ती म्हणाली. त्याला कारण सांगितलं की तो घेतो. मी डायरीत आठवडी बाजाराला तिसऱ्या दिवशीची तारीख दिली. त्या दिवशी ती चाळीस मिनिटं बाजार सांगत होती, मिरचीच्या ठसक्यानं शिंकणाऱ्या पोरांसकट, आणि मी एकदाही खोकलो नाही. फक्त शेवटी घड्याळ दाखवलं, कारण लग्नघर झालं तरी पेपर तीन तासांचा असतो.

मार्चमधल्या पेपरांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण ते आम्ही आधीच लढलो होतो. रोज बाहेर आली की ती मला प्रश्नपत्रिका देई आणि सोडलेल्या प्रश्नांवर केलेली फुली दाखवी. आज तिघं रिकाम्या पिशवीनं गेले, मामा, असं सांगताना तिला अजून थोडं वाईट वाटे. विज्ञानात ‘सकारण’ होता, दुसऱ्याच जमिनीबद्दल. तिनं तीन कारणं लिहिली होती. मी निर्धास्त होतो. जूनमध्ये वर्तमानपत्रात निकाल आला तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहूनच मी तिचा नंबर शोधला, आणि तो होता, दुसऱ्या वर्गाच्या यादीत, बारीक ठशात. मी साहेबांकडे सुट्टी मागितली नाही, सांगितली. रुख्मिणीला घेतलं आणि दुपारची एस.टी. पकडली.

वरवट बकालला उतरल्यावर रस्ता आधी तुळशीरामच्या दारावरून जातो. गेली चार वर्षं मी तिथून चालताना छत्री त्या बाजूला धरतो. रुख्मिणी पुढं होती. तुळशीराम ओट्यावर बसून सुतळी वळत होता. त्याला आम्ही येणार हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि सवयीनं तो मान वळवणार एवढ्यात पोरगी त्याच्या पायरीशीच जाऊन उभी राहिली. तिथून हललीच नाही. तो सुतळीकडे पाहत राहिला. मग त्यालाच राहवलं नाही. पास झाली काय, त्यानं विचारलं, सुतळीलाच विचारल्यासारखं.

“हो,” रुख्मिणी म्हणाली. तिनं श्वास घेतला, आणि तो श्वास मी ओळखला. माझ्या घशात आपोआप काहीतरी चढलं, बावीस वर्षांची सवय आहे ती. मी ते गिळलं. “मामानं शिकवलं म्हणून,” ती म्हणाली. “आईनं वरीसभर मळा एकटीनं वढला म्हणून. अन् बाबा गेले त्या सालात तुमी नदीचं पाणी आणून वांग्याचं रोप जगवलं म्हणून, काका. त्या वांग्यावरच घर उभं राह्यलं.”

तीन. एक कमी नाही, एक जास्त नाही. तुळशीरामच्या हातातली सुतळी उलगडत गेली आणि त्यानं ती उलगडू दिली. खालच्या आवाजात त्यानं वर्तमानपत्र मागितलं. मी दिलं. अक्षरं त्याला येत नाहीत, आकडे येतात. मी दाखवलेल्या नंबरावर त्यानं अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग वर पाहिलं, चार वर्षांत पहिल्यांदा, सरळ माझ्या तोंडाकडे.

“मुनशीजी, वहिनीले तेवढंच बोल म्हणून तुमी सांगतलं होतं काय?”

“हो,” मी म्हणालो. इथं थांबायचं असतं. मी छत्री भिंतीला टेकवली, त्याच्या ओट्यावर बसलो आणि पुढचं सांगू लागलो.